आठ हजार वेढे

गोष्ट २०२३ च्या जून महिन्यातली. धाकट्याची दहावी झाली होती आणि डिप्लोमाच्या प्रवेशाचा अर्ज तो मोबाइलवर भरत बसला होता. मी शेगडीपुढे भाकऱ्या थापत होते. एकेक रकाना तो मोठ्याने वाचत होता. वडिलांचे शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. आईचा व्यवसाय आला तेव्हा त्याने मान वर केली नाही. ‘गृहिणी’ म्हणाला आणि पुढच्या रकान्यावर गेला.

मी काही बोलले नाही. त्याचे चुकले असे तरी कसे म्हणावे? तीन वर्षे मी घरीच होते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला आमचा छोटा कारखाना २०२० च्या टाळेबंदीत बंद झाला, तो पुन्हा उघडलाच नाही. त्याआधी एकोणीस वर्षे मी तिथे रिलेच्या कॉइल गुंडाळल्या. नगावर मजुरी. जेवढे नग तेवढे पैसे. नाव कुठल्या पुस्तकात नव्हते, त्यामुळे कारखाना बंद झाल्यावर मागायलाही काही नव्हते. जे काम कुठे लिहिलेलेच नाही, ते पोराने तरी कुठून लिहावे? तरी त्या रात्री भाकरी गोड लागली नाही, एवढे खरे.

ही गोष्ट सांगायची ती एका गिटारीसाठी.

आमचे हे दिवसा रिक्षा चालवतात आणि गायन पार्टीत पेटी वाजवतात. जयंतीच्या महिन्यात त्यांना घरी जेवायला सवड नसते. धाकट्याने पेटी शिकावी, निदान ढोलकीला हात लावावा, ही त्यांची फार इच्छा. पोराने २०२४ च्या दिवाळीत सांगितले, मला इलेक्ट्रिक गिटार पाहिजे. झाले! घरात दोन दिवस अबोला.

“आपल्या घरात पेटी आहे, ढोलकी आहे. ती शिक ना. गिटार कुणाला वाजवून दाखवणार?” यांचा प्रश्न.

“बाबा, विकत मागत नाही. मी स्वतः बनवणार आहे.”

“सुताराचा हात आहे का तुला?”

हात नव्हता. आमच्या घरात कुणाचाच नव्हता. पण त्याने कुठेतरी एका इंग्रज मुलाची हकिगत वाचली होती, ती त्याने आम्हाला जेवताना ऐकवली. त्या मुलाचे नाव ब्रायन मे. १९६३ साली, शाळेत असताना, विकतची गिटार परवडत नाही म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. दोनेक वर्षे लागली. दांडीसाठी जुन्या शेकोटीवरच्या फळीचे महोगनी लाकूड घेतले, त्याला कीड लागून भोके पडली होती ती आगकाड्यांनी बुजवली. मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा घेतल्या. आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घेऊन दांडीवर खुणेचे ठिपके केले. तीच गिटार घेऊन तो पुढे ‘क्वीन’ या बँडमधून जगभर वाजवत फिरला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता. आणि गिटारवाला? त्याने २००७ साली, साठीला आल्यावर, खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

ही डॉक्टरेट ऐकून यांचा चेहरा जरा निवळला. शिक्षणाचे नाव निघाले की आमच्या घरात राग फार टिकत नाही.

“पण त्यानं पिकअप मात्र शेवटी विकत आणले,” धाकटा म्हणाला. “आधी स्वतः केले होते, पण ते नीट चालेनात.”

“पिकअप म्हणजे काय?” मी विचारले.

“कॉइल असते गं आई, बारीक तारेची.”

मी म्हटले, “म्हणजे त्याच्या आईला कॉइल येत नसणार.” सगळे हसले. पोराने मात्र माझ्याकडे जरा वेळ बघितले.

लाकडाचा प्रश्न आला. सासरे परळच्या चाळीत राहत, गिरणीत कामाला होते. १९८२ चा संप झाला आणि नोकरी गेली. पुढे खोली विकून ते ठाण्याला आले, तेव्हा खोलीचा जुना सागवानी दरवाजा सोबत आणला. नव्या बिऱ्हाडात तो कुठेच बसेना, म्हणून त्याच्या फळ्या सुट्या करून माळ्यावर ठेवल्या होत्या. हे त्या फळ्यांना कुणाला हात लावू देत नसत. मी वर्षातून एकदा पुसून परत ठेवायची. धाकट्याने त्याच मागितल्या.

यांनी लगेच हो म्हटले नाही. आठ दिवस गेले. मग एका रविवारी सकाळी स्वतः शिडी लावली, फळ्या खाली उतरवल्या आणि म्हणाले, “कापण्याआधी दोनदा मोज. असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही.”

शेजारी सुतारकाम करणारे काका आहेत. त्यांनी रंधा, पटाशी आणि शिकंजे दिले, पण काम पोराकडूनच करून घेतले. दीड इंच जाडीच्या दोन फळ्या शेजारी शेजारी जोडून गिटारीचे धड करायचे होते. काका म्हणाले, “सागात तेल असतं. रंधा मारल्या मारल्या चिकटव, उद्यावर ठेवू नकोस.” तसे केले. रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवलेला सांधा सकाळी दिसेनासा झाला. दांडी दरवाजाच्या उभ्या पट्टीतून निघाली. तिच्या पोटात खाच पाडून पोलादी सळई बसवावी लागते, कारण सहा तारा ताणल्या की सगळ्यांचा मिळून चाळीस किलोच्या आसपास ओढा बसतो. नुसते लाकूड कालांतराने वाकते.

मग आले पडदे. पेटीच्या पट्ट्या जशा, तसे गिटारीचे पडदे. दांडीवर शिसवीची पट्टी चिकटवतात, तिच्यात बारीक करवतीने खाचा पाडतात आणि धातूची तार ठोकून बसवतात. कुठल्या पडद्याचे अंतर किती, त्याचा हिशोब आहे. वरच्या आडापासून खालच्या घोडीपर्यंतची लांबी आमच्या गिटारीत ६४८ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले की पहिला पडदा ३६.४ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, की दुसरा पडदा. असे करत बाराव्या पडद्याला तार बरोबर निम्मी होते, म्हणजे ३२४ मिलिमीटर. निम्म्या तारेवर वरचा सा वाजतो.

पोराने वहीत सगळा हिशोब बिनचूक केला. खाचा पाडल्या, पडदे ठोकले, तारा चढवल्या. अजून विजेचे काही बसवले नव्हते, पण लाकडावर कान ठेवला की आवाज येत होता. हे रिक्षा लावून नुकतेच आत येत होते. धाकट्याने मोकळी तार छेडली, मग बारावा पडदा दाबून छेडली.

हे दारातच थांबले. “वरचा सा उतरलाय.”

“बाबा, हिशोब बरोबर आहे.”

“हिशोब असेल. सा उतरलाय.” यांनी पेटी काढली, सूर धरला आणि ऐकवला. तारेचा सूर खरेच खाली होता. ते ऐकायला जाणकार कान लागत नव्हता, इतका.

पोराने पट्टी फेकली आणि खोलीबाहेर गेला. चार-पाच दिवस त्याने गिटारीकडे पाहिले नाही. एका दुपारी मी त्याची वही उघडली. हिशोब मला कळला नाही, पण खुणा कशा केल्या ते कळले. शाळेच्या लाकडी पट्टीने त्याने पहिल्या पडद्यापासून दुसरा मोजला होता, दुसऱ्यापासून तिसरा, तिसऱ्यापासून चौथा. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेइतकी चूक. बाराव्यापर्यंत ती अडीच मिलिमीटर झाली होती.

संध्याकाळी मी त्याला म्हटले, “कॉइलवर आम्ही मागच्या थरापासून मोजत नव्हतो. काटा शून्यावर लावायचा आणि शेवटपर्यंत तीच एक मोजणी. मागच्या चुकीवरून पुढचं मोजलं की चूक वाढत जाते. सगळं पहिल्यापासून मोज.”

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पोलादी पट्टी घेऊन आला. जुनी शिसवी पट्टी काढायची कशी? तिच्यावर गरम इस्त्री ठेवून फेविकॉल सैल केला आणि माझे पातळ उलथने घालून हळूहळू सोडवली. उलथने वाकले ते वाकलेच. नवी पट्टी आणून या वेळी सगळे पडदे आडापासून मोजले. बारावा ३२४ वर आला. यांनी पेटी काढून पुन्हा सूर धरला, डोळे मिटून ऐकले आणि नुसते “हं” म्हणाले. त्या घरात वाढलेल्या पोराला ते पुरेसे होते.

आता पिकअप. आमच्या गल्लीत बेंजो पार्टी आहे. वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे मुळात बुलबुल तरंग. जपानमधल्या नागोया शहरात १९१२ साली तयार झालेल्या एका वाद्याचा हा भाऊबंद. आपल्या लोकांनी त्याला वीज जोडली आणि रस्त्यावर आणले. पार्टीतल्या मामांनी धाकट्याला आपला बेंजो उघडून दाखवला. तारांखाली तीच गोष्ट होती, चुंबक आणि कॉइल. मामा म्हणाले, “गिटार काय नि बेंजो काय, पोटात एकच आहे.”

त्याचे काम असे चालते. चपट्या फॉर्मरमध्ये सहा लहान चुंबक उभे बसवतात, वाजवायच्या प्रत्येक तारेखाली एक. त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि तांब्याच्या वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेले हेच तत्त्व. ती वीज अगदी थोडी असते, अॅम्प्लिफायर तिला मोठी करतो. म्हणून गिटारीला पोलादाच्या किंवा निकेल चढवलेल्या पोलादाच्या तारा लागतात, नुसत्या पितळी चालत नाहीत. रिलेत याच्या उलट असते. तिथे कॉइलला वीज दिली की ती चुंबक होते. एकोणीस वर्षे मी विजेचा चुंबक केला होता, आता चुंबकाची वीज करायची होती.

धाकटा कागदावर लिहून ‘४२ नंबर कॉपर वायर’ घेऊन आला, लॅमिंग्टन रोडवरून. मी तार दोन बोटांत धरली आणि म्हटले, “ही नाही चालायची. जाड आहे.”

“आई, बेचाळीसच आहे. रिळावर लिहिलंय.”

“असेल. ही घेऊन आठ हजार टर्न या फॉर्मरवर मावणार नाहीत. सेहेचाळीस आण.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रूगेजने त्याने ती मोजली. ०.१० मिलिमीटर. घोटाळा मापाचा होता. त्याने वाचलेला ४२ नंबर अमेरिकी मापाचा, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्या बाजारात इंग्रजी माप चालते, त्यात ती जाडी ४६ नंबरला मिळते. दुकानदाराची काही चूक नव्हती. त्याने मागितले ते दिले होते. धाकटा घरी आला आणि म्हणाला, “तुला बोटानं कसं कळलं?” मी म्हटले, “एकोणीस वर्षांनी तुलाही कळेल.”

हायलमच्या पातळ शीटमधून त्याने फॉर्मर कापला, चुंबक बसवले, त्यांच्याभोवती टेप गुंडाळली, म्हणजे तारेवरचे इनॅमल खरवडून शॉर्ट व्हायला नको. ओळखीच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून हाताने फिरवायचे वाइंडिंग मशीन दोन दिवसांसाठी मागून आणले. कारखान्यात आम्ही वेढ्यांना टर्न म्हणायचो. आठ हजार टर्न टाकायचे होते.

पंखा बंद केला, कारण वाऱ्याने तार हलते. दिवा जवळ घेतला. पहिली तार २,९०० वर तुटली. चार वर्षांत बोटे सवय विसरली होती. जास्त ओढली की तुटते, सैल सोडली की कॉइल फुगते. दुसरी ५,३०० वर गेली. यांनी बाहेरून विचारले, “झालं का?” मी उत्तर दिले नाही. तिसऱ्यांदा काटा शून्यावर लावला. सहा हजारांनंतर मला मोजणीकडे बघावेसे वाटले नाही. तार बोटांतून जात होती आणि हात आपले आपण चालत होते. जेव्हा पाहिले तेव्हा ८,००० झाले होते. धाकट्याने मीटर लावला. ६.२ किलोओहम. त्याने हिशोब करून सांगितले की बोटाएवढ्या त्या फॉर्मरवर जवळजवळ एक किलोमीटर तार आहे.

घरात मेणबत्त्यांचे तुकडे साठलेले होतेच. ते डब्यात घालून डबा गरम पाण्यात ठेवला आणि पातळ झालेल्या मेणात कॉइल बुडवली. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, म्हणजे वेढे घट्ट बसतात आणि मोठ्या आवाजात वाद्य किंचाळत नाही. मेण कधीही सरळ आचेवर ठेवू नये, भडका उडतो.

त्या रात्री पोराने मला अॅबिगेल इबारा या बाईंबद्दल सांगितले. अमेरिकेत फुलर्टन गावात फेंडर कंपनीचा गिटारीचा कारखाना होता. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांच्या कारखान्यात या बाई १९५६ साली लागल्या, ज्या वर्षी आपल्या आजी-आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली त्याच वर्षी. पिकअपच्या कॉइल गुंडाळायचे त्यांचे काम. २०१३ साली त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या हातच्या कॉइलला जगभरचे वादक शोधत येतात आणि पिकअपच्या खालच्या बाजूला त्यांच्या नावाची अक्षरे आहेत का ते पाहतात.

“आई, तूही लिही,” म्हणाला आणि पेन पुढे केले. मी पिकअपच्या पाठीवर माझ्या नावाची दोन अक्षरे लिहिली. एकोणीस वर्षांत लाखो कॉइल माझ्या हाताखालून गेल्या असतील. नाव लिहिलेली ही पहिली.

पार्टीच्या अॅम्प्लिफायरला गिटार पहिल्यांदा जोडली तेव्हा ‘घूं’ असा नुसता घुमारा आला. तारांना हात लावला तरी कमी होईना. घोडीपासून अर्थपर्यंत एक बारीक वायर जोडायची असते, ती राहिली होती. ती जोडली, आतल्या खोबणीला तांब्याचा पत्रा चिकटवला आणि आवाज बराच बसला. इथे एक सांगते. गिटारीत घरातली वीज नसते, पण तिच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. अॅम्प्लिफायर खराब असेल किंवा तीन पिनांच्या प्लगला खरी अर्थ नसेल, तर जिवावर बेतू शकते. आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. लाकूड घासताना तोंडाला फडके बांधावे. सगळा खर्च, फुकट गेलेली पट्टी आणि तार धरून, साडेचार हजारांच्या आत आला.

२०२५ च्या जयंतीला गल्लीतल्या कार्यक्रमात धाकटा यांच्या मागे बसला. चार-पाच सुरांपलीकडे त्याला येत नव्हते. दुसऱ्या गाण्यात एक खुंटी सैल झाली आणि तार उतरली. मला धस्स झाले. यांनी मागे वळून पाहिले नाही. पेटीवर सा धरून ठेवला, गायकाला हाताने थांबवले आणि पोराची तार लागेपर्यंत तो सा सोडला नाही. मग गाणे पुढे गेले.

बेंजोवाले मामा त्या रात्री मला म्हणाले, “वहिनी, आमचे दोन पिकअप मेलेत. गुंडाळून द्याल? दर काय?” मी आयुष्यात कधी माझा दर सांगितला नव्हता. दर नेहमी दुसऱ्याने ठरवलेला. थोडा विचार करून म्हटले, “एका कॉइलचे तीनशे.” त्यांनी घासाघीस केली नाही. आता महिन्याला चार-सहा कॉइल येतात. घर त्यावर चालत नाही, पण ते पैसे मी माझ्या वहीत लिहिते.

जूनमध्ये धाकटा पुन्हा अर्ज भरायला बसला, तिसऱ्या वर्षाचा. आईच्या व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबला. “आई, काय लिहू?”

“कॉइल वाइंडिंग,” मी म्हटले. त्याने लिहिले, आणि मला दाखवून मगच पुढे गेला.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत गोधड्या शिवणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, कारखान्यांत सुटे भाग जोडणाऱ्या कितीतरी बाया आहेत. पोरे अर्ज भरत असतील तेव्हा त्यांनी तो रकाना आपल्या मनाने भरू नये. आईला विचारून भरावा.